शेवटचे संस्कार: पवित्र तेल, पिक्स आणि रुग्णाच्या खोलीची तयारी

“फादरना सांगा, तेल घेऊन लवकर या.” घरात कोणी अत्यवस्थ झालं की चर्चला जाणारा फोन बहुधा या शब्दांत असतो. मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. मरणाच्या दारातल्या कॅथलिक माणसासाठी चर्चकडे तीन संस्कार आहेत: प्रायश्चित्त, म्हणजे बोलीत कुमसार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली), रुग्णाभ्यंग, म्हणजे तेल, आणि अखेरचं ख्रिस्तशरीर (मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पवित्र केलेली पातळ भाकर). या अखेरच्या ख्रिस्तशरीराला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकुम’ म्हणतात. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: वाटेची शिदोरी. मरणाऱ्याचा खास संस्कार हाच. तेल आजाऱ्यासाठी असतं आणि ते आधीच, माणूस शुद्धीवर असताना मिळायला हवं.

ही सरमिसळ जुनी आहे. कित्येक शतकं या संस्काराचं नावच ‘शेवटचा अभ्यंग’ होतं. त्यामुळे फादर तेल घेऊन आले की सगळं संपलं, अशी भीती घराघरांत बसली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवलं. पोप पॉल सहावे यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी संस्काराचं नवं रूप जाहीर केलं. आजार किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका सुरू झाला की अभ्यंग देता येतो. गंभीर आजारासाठी मोठं ऑपरेशन असेल तर त्याआधी देता येतो. बरं वाटल्यावर पुन्हा गंभीर आजार झाला, किंवा त्याच आजारात प्रकृती ढासळली, तर पुन्हाही देता येतो. भीतीपोटी उशीर केला की माणसाची शुद्ध जाते, गिळणं थांबतं, आणि मग कुमसारही होत नाही, शिदोरीही देता येत नाही. उरतं फक्त तेल.

पुढची माहिती सॅक्रिस्टी (चर्चमधली उपासनेच्या सामानाची खोली) सांभाळणाऱ्यांना, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेणाऱ्या सेवकांना आणि घरच्या माणसांना उपयोगी पडावी म्हणून लिहिली आहे.

तेल कोणतं आणि कुठून येतं

पवित्र गुरुवारी सकाळी, किंवा सोयीसाठी त्याआधीच्या एखाद्या दिवशी, बिशप आपल्या सगळ्या धर्मगुरूंसह क्रिझम मिस्सा अर्पण करतात. त्या मिस्सात तीन तेलं तयार होतात. रुग्णांच्या तेलाला आशीर्वाद दिला जातो आणि स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) उमेदवारांच्या तेलालाही. तिसरं क्रिझम. त्यात बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळून ते पवित्र केलं जातं. प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) आपापल्या बिशपांकडूनच तेल आणायचं असतं. हे चर्चच्या कायद्याच्या ८४७ व्या कलमात आहे. जुनं तेल गरजेशिवाय वापरू नये, असंही तेच कलम सांगतं.

बाटल्यांवर आणि डब्यांवर लॅटिन आद्याक्षरं असतात. ओ.आय. म्हणजे रुग्णांचं तेल, एस.सी. म्हणजे क्रिझम. उमेदवारांच्या तेलावर ओ.सी. किंवा ओ.एस. असतं. अक्षरं झिजली असतील तर वास घ्या. सुगंध आला तर ते क्रिझम. बाकीच्या दोन तेलांना मात्र वेगळा वास नसतो. म्हणून त्यांच्यावरची खूण पुसट होऊ लागली की लगेच पुन्हा कोरून घ्या. नुसती कागदी चिठ्ठी चिकटवू नका. तेलाचा ओघळ लागला की ती आठवड्यात सुटते. रुग्णाला चुकून दुसरंच तेल लावलं गेलं तर संस्काराबद्दल शंका उरते, आणि त्या क्षणी अशी शंका कोणालाच परवडत नाही.

पूर्वी फक्त ऑलिव्हचं तेल चालत असे. १९७२ पासून दुसरं वनस्पती तेलही चालतं, कारण जगातल्या बऱ्याच भागांत ऑलिव्ह मिळत नाही. आपल्याकडे हे अडीअडचणीला कामी येतं. पवित्र तेल जवळ नसेल आणि माणूस जायला टेकला असेल, तर धर्मगुरू त्या संस्काराच्या वेळीच साध्या वनस्पती तेलाला आशीर्वाद देऊ शकतात. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं, तिळाचं किंवा सूर्यफुलाचं तेल चालेल. खोबरेल शुद्ध असेल तर चालतं, पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडे डबीत त्याचा पांढरा गोळा झालेला दिसेल. बाजारातलं सुवासिक केशतेल देऊ नका. त्यात बऱ्याचदा खनिज तेल मिसळलेलं असतं, आणि खनिज तेल हे वनस्पती तेल नव्हे. तूप अर्थातच नाही. अशा वेळी आशीर्वाद दिलेलं तेल उरलं तर ते कापसात टिपून जाळायचं असतं. ते परत स्वयंपाकघरात जात नाही.

मोठ्या बाटल्या चर्चमध्ये कुलपाच्या कपाटात ठेवतात. त्या कपाटाला आंब्री म्हणतात. कपाटावर ऊन पडू नये, जवळ दिवा किंवा समई नसावी आणि भिंत ओलसर नसावी. उजेड, उष्णता आणि हवा यांनी तेल खवट होतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर लवकरच. अर्धी बाटली वर्षभर ठेवण्यापेक्षा तेल कमी झाल्यावर लहान बाटलीत काढून ठेवलं, तर वरची हवा कमी राहते आणि तेल जास्त टिकतं.

तेल संपत आलं तर? चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत पवित्र तेलात त्याच्यापेक्षा कमी प्रमाणात साधं तेल मिसळायची मुभा होती. १९८३ च्या संहितेत ते कलम नाही. ऐकीव माहितीवर तेल वाढवत बसू नका, बिशप हाऊसमधून आणखी मागवा. नवं तेल आलं की जुनं जाळून टाकायचं. चांगल्या अवस्थेत असेल तर ते टॅबरनॅकलजवळच्या (चर्चमध्ये ख्रिस्तशरीर ठेवायच्या पेटीजवळच्या) अखंड दिव्यात जाळता येतं. कमी असेल तर कापसात टिपून धातूच्या थाळीत जाळा आणि राख स्वच्छ जमिनीत पुरा. बेसिनमध्ये ओतू नका.

खिशातली डबी

धर्मगुरू रुग्णाकडे नेतात ती डबी साधारण अंगठ्याच्या पेराएवढी असते. भाग तीनच: तेलाची वाटी, आट्यांचं झाकण आणि मधली रबरी किंवा चामडी चकती. काही डब्या तीन मजली असतात, एकावर एक फिरवून बसवलेल्या, प्रत्येक मजल्यावर वेगळं तेल. त्या प्रवासाला सोयीच्या वाटतात, पण घाईत चुकीचा मजला उघडतो. रुग्णांसाठी स्वतंत्र, एक मजली डबी असावी. क्रिझम वेगळ्या डबीत.

डबीत मोकळं तेल ओतून ठेवत नाहीत. मोकळं तेल सांडतं, आट्यांत शिरतं आणि कपड्यांना लागतं. कापूस तेलात भिजवून ठेवतात. भरायची पद्धत अशी:

१. जुना कापूस चिमट्याने काढा आणि जाळण्यासाठी वेगळा ठेवा.
२. वाटी आणि आटे कोरड्या सुती फडक्याने पुसा. साबणाने धुवायची वेळ आली तर आधी तेलाचा शेवटचा अंश कापसाने टिपून घ्या. मग धुवून पूर्ण कोरडी करा. पाण्याचा एक थेंबही आत राहता कामा नये, कारण ओलाव्याने तेल बिघडतं.
३. औषधाच्या दुकानात मिळणारा शुद्ध कापूस घ्या. मेकअपच्या गोळ्यांत कधी कधी कृत्रिम धागा असतो, तो तेल नीट शोषत नाही. वाटीत सैलसर बसेल एवढाच गोळा करा. ठासून भरला तर दाबल्यावरही तेल वर येत नाही.
४. ड्रॉपरने थेंब थेंब तेल सोडा. कापूस पूर्ण भिजावा, पण डबी तिरकी केल्यावर ओघळ येऊ नये. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. कापूस हळूहळू शोषतो, आणखी दोन-चार थेंब लागतात.
५. अंगठा दाबून पाहा. अंगठ्यावर चकाकी दिसली पाहिजे. दिसली नाही तर कपाळावर तेल लागणारच नाही, नुसता कोरडा स्पर्श होईल.

डबी कोणत्या धातूची आहे यालाही महत्त्व आहे. नुसत्या पितळेच्या डबीत तेल कळकतं. तेलातली आम्लं तांब्याशी भिडतात आणि कापूस हिरवट होतो. हिरवा कापूस दिसला की समजा, आतला सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा गेला आहे. पुन्हा मुलामा द्या, नाहीतर स्टेनलेस स्टीलची डबी घ्या. दुसरा नेहमीचा दोष आट्यांचा. तेल सुकून चिकट थर बसतो आणि ऐनवेळी झाकण उघडत नाही. महिन्यातून एकदा आटे पुसून ठेवा. तेलाला वास येत नाही ना, चकती भेगाळली नाही ना, हेही त्याच वेळी पाहा.

पिक्स आणि त्याच्यासोबतची वस्त्रं

ख्रिस्तशरीर न्यायच्या लहान गोल डबीला पिक्स म्हणतात. नेहमीचा पिक्स साधारण चार-पाच सेंटिमीटर व्यासाचा असतो. मिस्सात वाटतात त्या आकाराच्या दहाएक पवित्र भाकरी त्यात बसतात. मिस्साच्या नियमांप्रमाणे पवित्र पात्रं मौल्यवान, टिकाऊ धातूची असावीत. सोन्यापेक्षा हलक्या किंवा गंजणाऱ्या धातूची असली तर आतून सोन्याचा मुलामा हवा. काच, माती किंवा सहज फुटणाऱ्या वस्तूंना रोमच्या २००४ च्या सूचनेने स्पष्ट मनाई आहे. औषधाच्या गोळ्यांची डबी, प्लॅस्टिकची डबी, रुमाल, कागदी पाकीट यांपैकी काहीही चालत नाही, कितीही घाई असली तरी. वापरण्यापूर्वी धर्मगुरूंकडून पिक्सला आशीर्वाद घ्यावा.

पिक्स विकत घेताना बिजागरी आणि खटका तपासा. बंद पिक्स उलटा करून हलक्या हाताने झटका. खटका सुटला तर तो पिक्स घेऊ नका. आतले कोपरे गोलसर असावेत. काटकोनी कोपऱ्यात आणि बिजागरीच्या फटीत कण अडकतात आणि ते काढणं अवघड जातं.

पिक्स बर्सात ठेवतात. बर्सा म्हणजे गळ्यात अडकवायची चामड्याची किंवा कापडाची लहान पिशवी. तिच्यात घडी घातलेलं लहान कॉर्पोरल आणि एक प्युरिफिकेटर राहतं. कॉर्पोरलवर पिक्स ठेवायचा, प्युरिफिकेटरने पुसायचं. दोन्ही सुती किंवा लिननची असावीत, कारण कृत्रिम कापड पाणी टिपत नाही.

ख्रिस्तशरीर टॅबरनॅकलमधून घेतलं की शक्य तेवढं थेट रुग्णाकडे जायचं. वाटेत भाजी, पेट्रोल किंवा दुसरं काम करत जाऊ नये. बर्सा गळ्यात, शर्टाच्या आत ठेवा. पॅंटच्या खिशात, मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. उद्या सकाळी लवकर जायचं म्हणून आज संध्याकाळीच ख्रिस्तशरीर घरी आणून ठेवणं चर्चच्या कायद्याने मना आहे. पावसाळ्यात भाकरी मऊ पडून एकमेकींना चिकटतात. म्हणून लागतील तेवढ्याच न्या, आणि शक्यतो त्याच आठवड्यातल्या मिस्साच्या न्या.

फोनवर काय सांगायचं

घरच्यांनी चर्चला फोन केल्यावर ही माहिती दिली तर धर्मगुरू योग्य सामान घेऊन निघतात:

रुग्णाचं नाव आणि वय. तो शुद्धीवर आहे का, बोलतो का. पाणी गिळता येतं का, की नाकातून नळी आहे. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालं आहे का. ऑक्सिजन चालू आहे का. घराचा मजला आणि लिफ्ट, किंवा हॉस्पिटलचा वॉर्ड आणि खाट क्रमांक. डॉक्टरांनी किती वेळ सांगितला आहे. संसर्गाचा आजार असेल तर तोही.

दृढीकरणाचा प्रश्न बरेच जण विसरतात. जिवाला धोका असताना कोणताही धर्मगुरू दृढीकरण देऊ शकतो. त्यासाठी क्रिझम लागतं, म्हणून दुसरी डबी आणावी लागते. जाणतं वय न झालेल्या बाळाला रुग्णाभ्यंग देत नाहीत. स्नानसंस्कार झाला नसेल तर तो देतात आणि दृढीकरण देतात. धर्मगुरू वेळेत पोहोचणारच नसतील, तर बाळाला कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. डोक्यावर साधं पाणी ओतत ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देतो’ एवढं म्हणायचं, आणि नंतर चर्चला कळवायचं.

माणूस आधीच गेला असेल तर तसं स्पष्ट सांगा. मृताला संस्कार दिले जात नाहीत, त्याच्यासाठी प्रार्थना केली जाते. गेलाय की नाही अशी खरीच शंका असेल, तर मात्र अभ्यंग द्यावा, असं कायदाच सांगतो.

घरातलं टेबल

खाटेजवळ एक लहान टेबल ओढा, रुग्णाला मान न वळवता दिसेल असं. औषधांच्या बाटल्या, फोनचे चार्जर, चहाचे कप उचला. स्वच्छ पांढरा कपडा घाला. त्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या, एका वाटीत आशीर्वादित पाणी आणि ते शिंपडायला हिरवी डहाळी ठेवा. पेलाभर पिण्याचं पाणी आणि चमचा. बशीत कापसाचे पाच-सहा गोळे. दुसऱ्या बशीत लिंबाची फोड आणि पावाचा मऊ चुरा. हे शेवटचं पाहून तरुणांना नवल वाटतं, पण त्यामागे साधं कारण आहे. पावाचा चुरा अंगठ्यावरचं तेल शोषतो आणि लिंबाने चिकटपणा जातो. जुन्या काळातली ही युक्ती आजही साबणाआधी उपयोगी पडते.

काही जुन्या कॅथलिक घरांत भिंतीवर लाकडी क्रूस असतो, त्याची पुढची बाजू सरकवून उघडते. आत दोन बारीक मेणबत्त्या, आशीर्वादित पाण्याची कुपी आणि कापूस असतो. त्याचा तळ उभा करून वर क्रूस खोचला की टेबल तयार. असा क्रूस घरात असेल तर आजच उघडून पाहा. कुपीतलं पाणी बहुधा वाळलेलं असतं आणि मेणबत्त्या उन्हाळ्यात वाकलेल्या.

रुग्णाचं कपाळ आणि हात मोकळे ठेवा. तोंडाला कोरड पडली असेल तर ओल्या कापसाने ओठ ओले करा. कवळी लावता येत असेल तर लावा. रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा एक तासाचा उपास लागू नाही. त्यामुळे औषध किंवा दूध थांबवू नका.

संस्कारांचा क्रम

धर्मगुरू स्टोल, म्हणजे गळ्यातून पुढे सोडायचा लांब पट्टा, घालतात. रुग्णांकडे नेण्याचा स्टोल बहुधा दुतर्फा असतो, एका बाजूला जांभळा, दुसऱ्या बाजूला पांढरा. ते सर्वांना शांती देतात, ख्रिस्तशरीर टेबलावरच्या कॉर्पोरलवर ठेवतात आणि हवं तर पाणी शिंपडतात.

मग कुमसार. घरच्यांनी आपणहून खोलीबाहेर जावं. रुग्णाला मोठ्याने बोलता येत नसेल तर डोळ्यांच्या उघडझापीने, हात दाबून होकार देता येतो. जिवाला धोका असताना कोणताही धर्मगुरू, परवानगी नसलेलासुद्धा, पापक्षमा देऊ शकतो. त्यानंतर धर्मगुरू मरणसमयीचा प्रेषितीय आशीर्वाद देतात. त्याने पूर्ण दंडमोचन मिळतं, म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षाही माफ होते. घाईत राहून जातो तो हाच भाग. धर्मगुरू आले की त्यांना हळूच आठवण करून द्यायला संकोच करू नका.

घरचे परत आत येतात. स्नानसंस्कारातल्या श्रद्धेचा पुनरुच्चार होतो. छोटी प्रार्थनामाला म्हटली जाते आणि धर्मगुरू काहीही न बोलता रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता राखा. त्या क्षणी कोणी रोझरी सुरू करू नये, फोनची रिंग बंद असावी. मग आशीर्वादित तेलाबद्दल देवाचे आभार मानले जातात आणि अभ्यंग होतो.

आधी कपाळ, मग दोन्ही हात. कपाळावर तेल लावताना धर्मगुरू म्हणतात की या पवित्र अभ्यंगाने प्रभूने आपल्या प्रेमळ दयेने, पवित्र आत्म्याच्या कृपेने तुला साहाय्य करावं. हातांना लावताना म्हणतात की पापांतून मुक्त करून त्याने तुझं तारण करावं आणि तुला उभारी द्यावी. दोन्ही वेळा सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. रुग्ण सामान्य श्रद्धावंत असेल तर तळहातांना तेल लावण्याची रीत आहे. रुग्ण स्वतः धर्मगुरू असेल तर तळव्याच्या मागच्या बाजूला, कारण त्याच्या तळहातांना गुरुदीक्षेच्या वेळीच तेल लागलेलं असतं. १९७२ पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय इतक्या ठिकाणी तेल लावत, म्हणून आजीआजोबांच्या आठवणीत बशीभर कापूस असतो.

कपाळावर बँडेज किंवा हाताला प्लास्टर असेल तर दुसऱ्या भागाला लावता येतं. वेळच नसेल तर एकाच ठिकाणी तेल लावून पूर्ण सूत्र म्हटलं तरी संस्कार पुरा होतो. दुखऱ्या जागी आणखी तेल लावायचं झालं तर सूत्र पुन्हा म्हणत नाहीत. लावलेलं तेल लगेच पुसायची गरज नाही.

यानंतर प्रभूची प्रार्थना आणि शिदोरी. सकाळच्या मिस्सात ख्रिस्तशरीर घेतलेलं असलं तरी मरणाच्या धोक्यात त्याच दिवशी पुन्हा घेता येतं. देताना नेहमीच्या शब्दांनंतर ‘प्रभूने तुझं रक्षण करावं आणि तुला सार्वकालिक जीवनाकडे न्यावं’ या अर्थाचे शब्द जोडले जातात. खोलीतल्या इतरांनाही ख्रिस्तशरीर घेता येतं. किती जण घेणार हे आधी सांगितलं तर पिक्समध्ये पुरेशा भाकरी असतील.

अभ्यंग आणि कुमसार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) किंवा इतर सेवक तेल लावू शकत नाहीत. हे ११ फेब्रुवारी २००५ च्या रोमच्या टिपणात पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. शिदोरी मात्र डीकन किंवा नेमलेला सेवक नेऊ शकतो. धर्मगुरू दूर असतील तर निदान ती चुकू देऊ नका.

गिळता येत नसेल तर

भाकरीचा नखाएवढा तुकडाही पुरतो, त्यातही ख्रिस्त पूर्णच असतो. तुकडा जिभेवर ठेवा आणि लगेच चमचाभर पाणी द्या. रुग्णाला थोडं उठवून बसवा. आडव्या माणसाला ठसका लागतो. तोंडात काहीच ठरत नसेल, पण थेंब घेता येत असतील, तर फक्त ख्रिस्तरक्त, म्हणजे मिस्सात पवित्र केलेला द्राक्षारस, देता येतं. ते मिस्साच्या वेळीच वेगळं ठेवून पूर्ण बंद, न सांडणाऱ्या पात्रात आणावं लागतं. म्हणून हे आधी कळवायला हवं. उरलेलं धर्मगुरू किंवा सेवक तिथेच पितात, पात्र धुतात आणि ते पाणीही पितात.

तोंडातून भाकर बाहेर आली तर घाबरू नका, रुग्णाला दटावू नका. ती प्युरिफिकेटरमध्ये उचलून पेलाभर पाण्यात ठेवायची. पूर्ण विरघळली की ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओततात. सॅक्रेरियम म्हणजे सॅक्रिस्टीतलं असं बेसिन, ज्याची नळी गटारात न जाता थेट जमिनीत जाते. चर्चमध्ये ते नसेल तर कोणाचा पाय पडणार नाही अशा झाडाच्या मुळाशी ओता. खाली जमिनीवर पडली असेल तर ती जागा पाण्याने पुसून तेही पाणी तिथेच न्या.

हॉस्पिटल आणि आयसीयू

ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती लावायची नाही, उदबत्तीही नाही. बॅटरीवरची मेणबत्ती चालते, नुसता क्रूसही पुरतो. तेलाचीही काळजी घ्या. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या नळाला तेलकट हात लागला तर आग लागण्याचा धोका असतो. अभ्यंगानंतर अंगठा पुसल्याशिवाय सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा मास्कला हात लावू नका. मास्क असलेल्या रुग्णाच्या कपाळावर अगदी बारीक ठिपका द्या, मास्कच्या कडेपासून दूर.

सॅनिटायझर लावल्यावर हात पूर्ण वाळू द्या, मगच डबी उघडा. अभ्यंगानंतर आधी अंगठा कापसाने पुसा, मग साबणाने धुवा. सॅनिटायझरने तेल जात नाही, ते फक्त पसरतं.

संसर्गाच्या वॉर्डात तेलाची डबी आत नेऊच नका. बाहेरच एका कापसाच्या काडीवर तेल घ्या, हातांसाठी दुसरी काडी. कायद्याने धर्मगुरूंनी स्वतःच्या हाताने तेल लावायचं असतं, पण गंभीर कारण असेल तर साधन वापरायची परवानगी आहे. वापरलेली काडी पुन्हा डबीत बुडवायची नाही. त्या काड्या बाहेर आणता येत नसतील तर वॉर्डातल्या पिवळ्या पिशवीत टाका. त्या पिशवीतला कचरा नियमाप्रमाणे बहुधा भट्टीत जाळला जातो, म्हणजे तेलही जळूनच जातं. धर्मगुरूंना आतच सोडत नसतील तर रुग्णाला दंडमोचनाचा मार्ग उघडा असतो. आयुष्यात नेमाने प्रार्थना केलेल्या आणि मनाची तयारी असलेल्या माणसाला धर्मगुरूंवाचूनही चर्च मरणसमयी पूर्ण दंडमोचन देतं. नर्सला विनंती करून त्याच्या हातात क्रूस द्या आणि फोन कानाशी धरून प्रार्थना म्हणा. ऐकू येणं बहुधा सर्वांत शेवटी जातं, असं समजूनच बोला.

परत आल्यावर

पिक्स रिकामा झाला असेल तर त्यात थोडं पाणी घालून, फिरवून प्यायचं किंवा सॅक्रेरियममध्ये ओतायचं, मग प्युरिफिकेटरने कोरडा करायचा. बिजागरीत कण अडकले असतील तर पिक्स उघडा ठेवून पाण्यात बुडवा. टाचणीने कोरलं तर मुलामा खरवडतो. भाकरी उरली असेल तर ती टॅबरनॅकलमध्ये परत ठेवायची, पिक्ससकट सॅक्रिस्टीच्या कपाटात नव्हे.

कॉर्पोरल आणि प्युरिफिकेटर थेट कपड्यांच्या ढिगात टाकू नका. पहिलं पाणी हाताने काढून सॅक्रेरियममध्ये किंवा जमिनीत ओता, मगच नेहमीसारखे धुवा. तेलाचे कापसाचे गोळे आणि लिंबाची फोड, पावाचा चुरा, हे सगळं जाळा. घरी जाळायची सोय नसेल तर चर्चमध्ये नेऊन द्या. कापूस ओला होता तसाच तेलाच्या डबीत परत कोंबायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यानेच डबीतलं सगळं तेल खवट होतं.

बर्सात कोरडं कॉर्पोरल घाला, तेलाच्या डबीत अंगठा दाबून पाहा, स्टोलची घडी करा आणि बॅग दाराजवळच्या खुंटीला अडकवा. पुढचा फोन रात्री दोनलाही येऊ शकतो.